आधी गुरू केला, मग पाहिला : संत बहिणाबाई शिऊरकर



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न निघाला, चरित्र कोणाचं द्यायचं. ज्ञानोबा-तुकोबांचं चरित्र आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे. नामदेवराय, नाथमहाराज, चोखोबा यांच्यावर सप्ताहात दरवर्षी कीर्तनं होतात. बैठकीत बराच वेळ खल चालला. मग कोणीतरी दिंडीच्या जुन्या वह्या काढल्या आणि निवाडा त्या वह्यांनीच केला.

वह्या म्हणजे भिशीच्या वह्या. कोणी किती दिले, कोण कुठून चालायला लागला, कोण अर्ध्या वाटेत तापाने पडून माघारी गेला, हे सगळं त्यात आहे. काही पानं वाळवीने खाल्लेली, काहींवर पावसाने शाई फुटलेली. पण सुरुवातीच्या कितीतरी वर्षांच्या पानांवर बाईचं नाव एकही नाही. पुरुषाचं नाव, आणि पुढे लिहिलेलं, मंडळीसह. नाहीतर अमक्याची आई, तमक्याची चुलती. डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चाललेली बाई, वहीत मात्र बिननावाची. आम्ही पानं उलटत होतो आणि आमच्यातल्या एका जुन्या टाळकऱ्याने मान खाली घालूनच बहिणाबाईंचं नाव घेतलं. त्यानंतर कोणी दुसरं नाव सुचवलं नाही.

एक खुलासा आधीच करतो, कारण दरवर्षी दिंडीत कोणीतरी घोटाळा करतोच. बहिणाबाई म्हटलं की पुष्कळांना जळगावाकडच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या १८८० ते १९५१ या काळातल्या, जात्यावर आणि शेतात गाणी रचणाऱ्या, त्यांचीही थोरवी मोठी. आम्ही सांगतोय त्या त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या. आत्मनिवेदन म्हणून त्यांचे अभंग आहेत, त्यात त्यांनी आपला जन्म, लग्न, भटकंती, मार, आजारपण, गुरुभेट सगळं स्वतः सांगितलंय. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आयुष्य! साहेबाच्या देशापर्यंत त्याची कीर्ती गेली. जस्टिन अॅबट या पाद्र्याने १९२९ साली ते इंग्रजीत नेलं.

दुसरंही एक कारण आहे. दिंडीत आता शिकलेली पोरं येतात. वाटेत चालता चालता विचारतात, काका, माणूस कोणाच्या मागे का लागतो? गुरू का करतो? आमच्यातले काही जण चिडतात. चिडायचं कारण नाही, प्रश्न खरा आहे. आमच्याच गावात एकाने दोन एकर रान विकून पैसे एका बुवाच्या पायावर घातले आणि थोरल्या पोराची शाळा सुटली. तोही म्हणत होता की आपण गुरू केला. मग त्याच्यात आणि बहिणाबाईंच्यात फरक काय, हे पोरांना सांगता आलं पाहिजे की नको?

तर सांगतो.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा. गाव देवगाव, वेरूळच्या बाजूचं, आज कन्नड तालुक्यात येतं. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. घर ब्राह्मणाचं, पण संपत्तीचं नव्हे. त्या काळच्या रीतीने अगदी खेळायच्या वयात लग्न लावून दिलं. नवरा गंगाधरपंत पाठक, शिऊरचे. वय तीसच्या आसपास, आणि बिजवर. मुलगी भातुकलीतली आणि नवरा वेदपठण करणारा कर्ता माणूस. पंत विद्वान होते, आणि तितकेच तापट. बाईंनी हे लपवलेलं नाही, म्हणून आम्हीही लपवत नाही.

पुढे नऊ वर्षांच्या असताना घरावर संकट आलं. देणं, भाऊबंदकी. रातोरात गाव सोडावं लागलं. आई, बाप, जावई आणि ही पोर गोदेच्या काठाने निघाली. वाटेत कोरान्न मागून खायचं. ज्यांनी दुष्काळात गाव सोडलंय, ऊसतोडीला बिऱ्हाड घेऊन गेलेत, त्यांना ही चाल वेगळी सांगायला नको. त्या चालीतच त्यांना पंढरपूर घडलं. शिखर शिंगणापूरचा महादेव घडला. रहिमतपुरात काही दिवस राहिले आणि शेवटी कोल्हापूरला पोचले. तेव्हा बहिणाबाईंचं वय अकराच्या घरात होतं. बहिरंभट नावाच्या एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला.

कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचं क्षेत्र. कथा, पुराण, कीर्तन रोज कुठे ना कुठे चालू. मुलीला त्याचा नाद लागला. खरं तर त्या वयात घरात तिचं ऐकणारं कोणी नव्हतं आणि बोलायला बरोबरीचं कोणी नव्हतं. अशा पोरीला ऐकण्याचा नाद लागावा यात नवल काय.

याच सुमारास पंतांना एक गाय दान मिळाली. ती व्याली. ते वासरू बहिणाबाईंना इतकं लळलं की पाण्याला जावं तर मागे, दळायला बसावं तर जवळ, कीर्तनाला जावं तर तिथेही पाठीशी. गावाला चेष्टा झाली. वासराला घेऊन कथेला येणारी पोर म्हणून लोक बोट दाखवू लागले. आमच्या दिंडीत एक गाय कित्येक वर्षं रथामागे चालत होती, जुन्या लोकांना ती आठवत असेल. मुक्या जनावराला माणसाचं काय कळतं हे शास्त्रात शोधण्यापेक्षा गोठ्यात बघावं.

त्या वेळी कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकर कीर्तनाला आले होते. हे समर्थ पंचायतनातले मोठे सत्पुरुष. ते कीर्तनात तुकोबांचे अभंग गात. तुकोबा तिकडे देहूत, अडीचशे किलोमीटर लांब, जातीने कुणबी, दुकान बुडालेला वाणी. आणि त्यांचे शब्द इथे कोल्हापुरात एका ब्राह्मण स्वामींच्या मुखातून एका ब्राह्मण पोरीच्या कानावर पडत होते. तोवर तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या निघाल्याची वार्ताही तिच्यापर्यंत पोचली होती. देवाने तुकोबांना तेरा दिवस पाण्यात राखलं याचा उल्लेख बहिणाबाईंच्या अभंगात आहे. त्या काळातल्याच माणसाच्या तोंडचा म्हणून अभ्यासक लोक त्याला फार महत्त्व देतात.

एका रात्री कीर्तनाला गर्दी फार झाली. वासराला जागा होईना, लोकांनी ते बाहेर नेऊन बांधलं. बाहेर ते हंबरायला लागलं आणि आत पोरीच्या डोळ्यांना धारा लागल्या. जयरामस्वामींच्या कानावर हे गेलं. त्यांनी वासरू आत आणवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या मुलीच्या डोक्यावरही हात ठेवला. एवढंच घडलं. पण घरी जाऊन कोणीतरी पंतांच्या कानात भरलं की तुमच्या बायकोचा भर सभेत असा गौरव झाला.

पंतांनी काय केलं ते सांगताना कीर्तनकार मंडळी हल्ली आवाज बारीक करतात, नाहीतर ते सोडूनच देतात. आम्हाला ते पटत नाही. पंतांनी बायकोला केस धरून ओढलं, मारलं, बांधून घातलं. अकरा-बारा वर्षांची पोर. आईबाप त्याच घरात होते, त्यांच्याने काही झालं नाही. तिकडे गाईने आणि वासराने चारा-पाणी सोडलं. शेवटी सोडवलं तेव्हा पोर आधी गोठ्यात गेली. पुढे काही दिवसांतच वासरू गेलं.

ते पुरलं आणि बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या. कित्येक दिवस तशाच. त्या अवस्थेत त्यांना विठ्ठल दिसला, तुकोबा दिसले. तुकोबांनी त्यांना अमृत पाजलं, मस्तकावर हात ठेवला आणि राम कृष्ण हरी हा मंत्र दिला. डोळे उघडले ते शिष्य होऊनच.

इथे थोडं थांबतो, कारण पोरांच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथेच कुठेतरी आहे असं वाटतं.

त्या घरात त्या पोरीच्या दुःखाला नाव नव्हतं. वासरू मेलं म्हणून कोणी इतकं रडतं का, असंच जो तो म्हणणार. मार बसला तर नवऱ्याचा हक्कच तो. अशा वेळी तिच्या कानात कोणाचे शब्द घुमत असतील? ज्याने स्वतःचं सगळं गेलेलं पाहिलं होतं त्याचे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको अन्न अन्न करत गेली. पोर गेलं. धंदा बसला, चारचौघांत मान गेली. हे सगळं त्यांनी अभंगात उघडं सांगितलं, लाज धरली नाही. दुःखाचं सोंग आणणाऱ्याचा शब्द वेगळा वाजतो आणि दुःख भोगलेल्याचा वेगळा वाजतो, आणि मार खाल्लेल्या लेकराला तो फरक लगेच कळतो. तुकोबांनी तिला पाहिलं नव्हतं, तिनेही त्यांना पाहिलं नव्हतं. पण आपलं कोणाला तरी कळलंय, हे तिला त्या अभंगांतून कळलं असावं. माणूस गुरूच्या मागे का लागतो असं आम्हाला विचाराल तर आम्ही हे बोट दाखवू.

आणखी एक गंमत बघा. खुद्द तुकोबांना गुरू कसा भेटला? स्वप्नातच. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांनी वाटेत गाठून मस्तकी हात ठेवला, पावशेर तूप मागितलं, तुकोबा तेही द्यायचे विसरले, आणि राम कृष्ण हरी हा मंत्र मिळाला. गुरूने मागितलेलं तूपसुद्धा राहून गेलं, असा हा व्यवहार. तोच मंत्र पुढे तसाच बहिणाबाईंना मिळाला. आणि हा मंत्र काय कुलूपबंद आहे? तो तर आपण रोज मोठ्याने म्हणतो, चहा पाजणारालाही म्हणतो. आपल्या संप्रदायात कान फुंकून गुपित देण्याची रीत नाही. ज्ञानेश्वरीला लावून तुळशीची माळ गळ्यात घातली, एकादशी आणि वारी करीन एवढं कबूल केलं की झालं. गुरू आपल्याकडचंच आपल्याला देतो. ज्याला दोन एकर विकायला सांगतात त्याने एवढं तरी ध्यानात घ्यावं.

बरं, शिष्य होऊन बहिणाबाईंचं भलं झालं का? लगेच तर मुळीच नाही. उलट घर पेटलं. बाई मूर्च्छेतून उठली, अभंग गाते, तुकोबांचं नाव घेते, हे ऐकून कोल्हापुरात लोक बघायला येऊ लागले. पाया पडू लागले. पंतांना दुहेरी झोंबलं. एक तर शूद्राला गुरू मानलं, आणि दुसरं म्हणजे लोक आता बायकोला ओळखणार, वेदपाठी नवऱ्याला कोण विचारतो? त्यांनी ठरवलं, हिला हिच्या आईबापाकडे टाकून आपण तीर्थयात्रेला जायचं. तेव्हा त्या तीन महिन्यांच्या गरोदर होत्या.

इथे बहिणाबाई जे सांगतात ते आजच्या पोरींना कदाचित आवडणार नाही. त्या नवऱ्याशी भांडत नाहीत. नवऱ्याने टाकलं तर देवाचं घेऊन मी काय करू, अशी त्यांची तगमग आहे. पतिव्रताधर्म त्यांनी शेवटपर्यंत मानला, त्यावर अभंगही रचले. पण आमच्यातल्या एका माळकरी आजीला आम्ही हे वाचून दाखवलं तेव्हा त्या एवढंच बोलल्या की सोडून कुठे जाणार होती ती, आणि पुन्हा वाती वळायला लागल्या. आम्हाला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. मात्र हेही ध्यानात धरा की इतकी भीती वाटत असताना बाईंनी तुकोबांचं नाव सोडलं नाही. नवरा धरला आणि गुरूही धरला. दोन्ही हातांत दोन दोर, आणि दोन्ही ताणलेले.

पंत निघायच्या दिवशीच आजारी पडले. अंगाची आग होऊ लागली. महिनाभर अंथरुणावर. औषध लागू पडेना. त्या महिनाभर त्यांची उसाभर कोणी केली? जिला टाकून ते निघाले होते तिनेच. शेवटी पंतांच्या मनाने घेतलं की आपण तुकोबांची निंदा केली त्याचंच हे फळ. एक म्हातारा ब्राह्मण घरी आला, त्याने समजावलं, आणि पंतांनी हाय खाल्ली. बरा झालो तर हरिभजनाला लागेन म्हणाले. बरे झाले आणि स्वतःच देहूला जायची भाषा करू लागले.

पंत का बदलले याबद्दल आमच्यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, भीतीने. देवाने दणका दिला म्हणून. दुसरा म्हणतो, महिनाभर बायकोचा हात कपाळावर होता, तो बदल त्या हाताचा. वाद मिटला नाही, मिटण्याची घाईही नाही. एवढं खरं की माणसं गुरूकडे निरनिराळ्या वाटांनी जातात. बायको गेली ती शब्द ऐकून, नवरा गेला तो आजारातून उठून. आणि आपल्यातले किती तरी जण माळ घालतात ते बाप माळकरी होता म्हणूनच, हेही कबूल केलं पाहिजे. कोणी दारू सुटावी म्हणून घालतो. कोणी पोरगं वाचलं म्हणून. कशाने का होईना, पाय आळंदीच्या वाटेला लागले म्हणजे पुढचं पुढे.

सगळं बिऱ्हाड देहूला निघालं. आईबाप, पंत, बहिणाबाई, आणि त्या मेलेल्या वासराची आई, ती गाय. देहूत इंद्रायणीत स्नान करून देवळात गेले तर तुकोबा आरती करत होते. जे रूप मूर्च्छेत पाहिलं तेच समोर उभं. गंगाधरपंतांनीही नमस्कार घातला. वेदपाठी ब्राह्मण, भरल्या देवळात, कुणब्याच्या पायाशी. त्या काळी याचा अर्थ काय होता हे आज आपल्याला पुरतं कळायचं नाही.

पण गावाला कळला. देहूतच मंबाजी गोसावी राहत. त्यांना वाटलं या ब्राह्मण कुटुंबाने आपलं शिष्यत्व घ्यावं. आपला गुरू तुकोबा आहे असं सांगितल्यावर त्यांचा संताप अनावर झाला. वाळीत टाकण्याच्या धमक्या झाल्या, पुण्याला तक्रारीचं पत्र गेलं. एवढ्याने भागलं नाही तेव्हा त्यांनी बहिणाबाईंची गाय नेऊन कोंडली आणि मारली. ते वळ तुकोबांच्या पाठीवर उठले असं बाई सांगतात.

मंबाजींचं नाव निघालं की आपण त्यांना शिव्या घालून मोकळे होतो. आम्हाला मात्र त्यांचा विचार वेगळ्या कारणाने करावासा वाटतो. हा माणूस तुकोबांच्या शेजारी राहिला. तुकोबांचं कीर्तन त्याच्या कानावर रोज पडत होतं, एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं. आणि त्याला काहीच झालं नाही. अडीचशे किलोमीटरवरची पोर दुसऱ्याच्या तोंडून दोन अभंग ऐकते आणि शिष्य होते, आणि भिंतीला भिंत लागलेला माणूस काटे लावत बसतो. वाघोलीचे रामेश्वरभट्ट बघा, तेही आधी विरोधातच होते, वह्या बुडवायला लावणारे तेच. पण ते वळले, तुकोबांची आरती रचण्यापर्यंत वळले. पिंपळनेरच्या निळोबारायांनी तर तुकोबांना देहाने पाहिलंच नाही, तरी शिष्य म्हणवले. चाकणचे संताजी जगनाडे तेली, कडूसचे गंगाजीपंत मवाळ ब्राह्मण, हे टाळ घेऊन मागे उभे राहिले. दिंडीत वीस-वीस वर्षं विणा धरून आतून कोरडे राहिलेले लोक आम्ही पाहिलेत. नावं घेत नाही. त्यांत आमच्यातलेही असतील.

देहूला बहिणाबाईंना मुलगी झाली, काशी. आणि त्याच सुमारास त्यांचं मन पार खचलं. वरून गावाचा जाच, आतून हा सल की आपण बाई. वेद ऐकायचा अधिकार नाही, मंत्र उच्चारायचा नाही, स्वतःच्या पायाने कुठे जायची मोकळीक नाही, मग परमार्थ साधायचा कसा, असं त्यांनी देवालाच विचारलंय. जीव द्यावा इथपर्यंत विचार गेला. त्या वेळी तुकोबांनी दर्शन देऊन त्यांना मागे ओढलं आणि कवित्वाचा आशीर्वाद दिला, असं त्या सांगतात. नीट बघा काय झालं. गुरूने घर बदललं नाही, नवरा बदलून दिला नाही, गावाचं तोंड बंद केलं नाही. तोंड उघडून दिलं ते हिचं. जे कोणाला सांगता येत नव्हतं ते सांगायची वाट मोकळी झाली. तिथून पुढे अभंग आले, आणि म्हणूनच आज ही कथा आम्हाला लिहिता येते.

पुढे मुलगा झाला, त्याचं नाव विठोबा. १६५० च्या सुमारास तुकोबा वैकुंठाला गेले. बहिणाबाई तेव्हा विशीच्या पुढच्या, देहू सोडून शिऊरला गेलेल्या. वार्ता ऐकून त्या परत देहूला आल्या आणि अठरा दिवस अन्नावाचून बसल्या. अठराव्या दिवशी पुन्हा गुरुदर्शन झालं तेव्हा उठल्या.

त्यानंतर पन्नास वर्षं त्या जगल्या. या पन्नास वर्षांत गोष्ट सांगायला वासरू नाही, मार नाही, मंबाजी नाहीत. शिऊरचं घर, संसार, मुलं-सुना, दारी येणारे लोक आणि अभंग. आम्हाला तरी याच वर्षांचं मोल जास्त वाटतं. गुरू भेटल्याचा उमाळा वर्ष-दोन वर्षं टिकतो. पन्नास वर्षं तव्यावरची भाकरी उलथत त्याच नावाला धरून राहायचं हे अवघड. याच काळात त्यांचं मन किती पोचलं होतं ते वज्रसूचीवरून दिसतं. खरा ब्राह्मण कोण, जन्माने, देहाने, की ज्ञानाने, याची चिकित्सा करणारा तो संस्कृत ग्रंथ. त्याचा भाव त्यांनी मराठी अभंगांत आणला. ज्या घराला शूद्राचे शिष्य म्हणून गाव वाळीत टाकायला निघालं होतं त्या घरातल्या बाईने नेमका हाच ग्रंथ निवडावा, यात मंबाजींना उत्तर आहे, आणि मनातल्या मनात पंतांनाही असेल. आपली गुरुपरंपराही त्यांनी अभंगात क्रमाने सांगितली आहे, आदिनाथांपासून मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, आणि पुढे राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी, तुकोबा. त्या माळेच्या शेवटी स्वतःला बसवायला त्यांनी कोणाची परवानगी विचारलेली दिसत नाही.

१७०० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांना आपला शेवट दिसला. मुलगा विठोबा तेव्हा घरी नव्हता. त्याची बायको रुक्मिणी वारली होती, तिच्या क्रियेसाठी तो बाहेरगावी गेला होता. बाईंनी त्याला पत्र लिहून बोलावून घेतलं. तो आला. तेव्हा त्यांनी त्याला जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. त्या बाराही जन्मांत तू माझ्या सोबत होतास, हा तेरावा, आणि हा शेवटचा, असं सांगून त्यांनी देह ठेवला. बारा जन्मांवर कोणी विश्वास ठेवो न ठेवो. बायको जाळून आलेल्या पोराला आईने शेवटी काय दिलं ते आम्ही बघतो.

समाधी शिऊरलाच आहे, वैजापूर तालुक्यात.

जुन्या वह्यांचं काय करायचं यावर बैठकीत ठराव झाला तो इथे कळवतो. ज्या घरांतून अजून म्हाताऱ्या माणसांना आठवतंय त्या घरी जाऊन मंडळीसह या शब्दामागची नावं विचारायची आणि नव्या वहीत उतरवायची. सतरा नावं आत्तापर्यंत मिळाली. काही घरी नातवालाही आजीचं नाव सांगता आलं नाही.

यंदा कार्तिकी वारी झाल्यावर दिंडीतली काही माणसं शिऊरला समाधीदर्शनाला जाणार आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी विणेकऱ्यांकडे नाव द्यावं. बायाबापड्यांनी स्वतः येऊन स्वतःचं नाव लिहावं. लिहिता येत नसेल तर सांगावं, आम्ही लिहून घेऊ.